उघड्या डोळ्यांची झोप

१२ जानेवारी

मेकॅनिक,

कागद मिळाले. जाडजूड पाकीट, आत वकिलाचं पत्र, आणि जिथे जिथे मी सही करायची तिथे पेन्सिलीनं फुल्या. तुझ्या हातची एखादी चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. टाचणी पडली. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर टाचणी!

काय आलंय म्हणून आई विचारत होत्या. मी म्हटलं, विम्याचं काहीतरी. त्यांना तूच सांग, तुझी आई आहे. बायकोला सोडायचं आणि आईला तिच्याकडेच ठेवायचं, हा कुठला न्याय रे? तक्रार नाही माझी. त्या गेल्या तर या घरात माझ्याशी भांडायला तरी कोण उरणार? पण वकिलाला हे सांगितलंयस का, एवढंच विचारते.

कारण म्हणून त्यानं लिहिलंय, 'पत्नीची उदासीनता'. हा शब्द तुझा नाही. तू म्हणाला असशील, "माझं बोलणं सुरू झालं की तिला झोप येते." त्या संध्याकाळी तू हेच म्हणाला होतास. कंपनीचा कार्यक्रम, तू स्टेजवर, म्हाताऱ्या फ्रिजची नक्कल ऐन रंगात आलेली. आधी तो खोकणारा कॉम्प्रेसर, मग थरथर, मग "वहिनी, गॅस संपला हो" म्हणत फ्रिज प्राण सोडतो ते. अख्खं सभागृह पोट धरून हसत होतं आणि पहिल्या रांगेत तुझी बायको मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलेली. तुझ्या साहेबांनी माइकवरून विचारलं, "वहिनींचाही गॅस संपला का?" लोक त्यालाही हसले. घरी आल्यावर कुलूप उघडताना तेवढं ते वाक्य बोललास. पुढच्याच आठवड्यात शीतगृहातली बदली आली. आली की तू मागून घेतलीस, ते तुझं तुला ठाऊक.

सही करीन. मला कुणाला धरून ठेवायचं नाही.

राग एकाच गोष्टीचा आहे. समोर येऊन बोलला असतास. पूर्वी तर कुणाचा फ्रिज भंगारात काढायचा असला तरी घरी जाऊन तोंडावर सांगायचास. स्वप्नात मात्र बरा येतोस! गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आई तुझ्या बहिणीकडे गेल्या होत्या, मी दिवाणावर पडले होते. तू दारात उभा. अंगात तपकिरी जाकीट, हातात कागदी पिशवी. संत्र्यांचा वाससुद्धा आला, बघ. "जागी आहेस?" म्हणालास. मी तुझ्याकडेच बघत होते, पण जीभ उचलेना, बोट हलेना. तू थांबलास, मान हलवलीस आणि निघून गेलास. अशी स्वप्नं मला पुष्कळ पडतात. बाकीच्या स्वप्नांत तू निदान आत येऊन बसतोस तरी.

तुझी (अजून तरी)

३० जानेवारी

मेकॅनिक,

सही राहिली, कारण उजव्या हाताच्या बोटाला पट्टी आहे. बहाणा नाही. कारखान्यातल्या मास्तरांना फोन करून विचार हवं तर.

आमच्या कारखान्यात पहारेकऱ्यांचे गणवेश चाललेत. मी काजाच्या मशिनवर. तुला माहीत आहे ते मशीन, आधी सुई चालते आणि तिच्या मागोमाग पातं खाली येऊन काज कापतं. जेवणानंतर बसले होते. मशिनचा आवाज ऐकू येत होता, तो ऐकता ऐकता दूर गेला. परत जवळ आला तेव्हा मास्तर माझ्या डोक्याशी उभे होते, शर्ट उलगडून. मी शर्टाच्या पाठीवर काजांची रांग घातली होती. सरळ, सुबक, एकही टाका वाकडा नाही. मी झोपलेली आणि हात आपले कामावर! मास्तर म्हणाले, "बाई, पाठीला बटणं लावणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय." सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही. पुढच्याच शर्टाला सुई नखातून आरपार गेली.

आता मला मशिनवरून उठवून धागे कापायला बसवलंय. मास्तर माणूस चांगला आहे, पण त्यांनी स्वच्छ सांगितलं, डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय मशिनला हात लावायचा नाही.

म्हणून गेले कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. त्यांनी रक्त काढलं. अंगात रक्त कमी आहे का, थायरॉईड आहे का, साखर वाढलीय का, सगळं तपासलं. सगळं जागच्या जागी. सर्दीच्या गोळ्या घेतेस का, त्यानंही झोप येते. घेत नाही. रात्री पुरेशी झोपतेस का. झोपते, मधून मधून जाग येते, पण झोपते. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "मिस्टर काय करतात?" मी म्हटलं, शीतगृहात असतात, लांब. "हां," ते म्हणाले. त्या 'हां'मध्ये सगळं आलं. मन उदास असलं की माणूस झोपेत तोंड लपवतं म्हणे. उदास तर मी आहेच, ते नाकारत नाही. पण तू जायच्या आधी, आपण दोघं सुखात होतो तेव्हाही मी अशीच झोपायचे, हे त्यांना कोण सांगणार? तू बसमध्ये खांदा द्यायचास आणि मी आपला थांबा

इथे डोळा लागला. वरपासून खालपर्यंत गेलेली रेघ पेनाची आहे. कागद वाया घालवायला नको म्हणून तसाच ठेवला.

बाकी ठीक. परवा स्वयंपाकघरात जरा पाय घसरला माझा. लागलं नाही. आईंनी उगाच घाबरून कांदा फोडून नाकाला लावला आणि फिट आली, फिट आली म्हणून गल्ली गोळा केली. त्यांनी फोनवर काही तिखटमीठ लावून सांगितलं तर मनावर घेऊ नकोस.

तुझी

१९ फेब्रुवारी

मेकॅनिक,

पाय घसरला नव्हता.

मी तुला गेली दोन-तीन वर्षं खोटं सांगत आलेय आणि आज सगळं लिहिणार आहे. मध्ये झोप लागली तर उठून लिहीन.

आईंच्या धाकानं फिटचा डॉक्टर गाठला. त्यानं डोक्याचा आलेख काढला, म्हणाला, ही फिट नाही, आणि मोठ्या दवाखान्यातल्या झोपेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. झोपेचाही डॉक्टर असतो, हे ऐकून आई म्हणाल्या, "मग जागेपणाचाही असेल, त्याच्याकडे जा." बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक ट्रक ड्रायव्हर बसला होता. त्याचा घोरता घोरता श्वासच अडकायचा, रात्रभर गुदमरायचा आणि दिवसा स्टेअरिंगवर पेंगायचा. त्याला झोपताना नाकावर लावायचं हवेचं मशीन दिलं आणि तो माणसात आला. मला वाटलं, माझंही तेच निघू दे. मशीन लावीन, फुस्स फुस्स करीन, सुटले.

पण बाईंनी घोरण्याचं विचारून झाल्यावर कागदावरून मान वर केली आणि विचारलं, "खूप हसल्यावर कधी गुडघ्यांतलं बळ जातं का हो?"

मला रडूच फुटलं. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी कुणाला विचारू दिलं नव्हतं.

तुला आठवतं, उकळत्या पाण्याचं पातेलं माझ्या हातून पडलं होतं? तू खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या फ्रिजची नक्कल करत होतास, दार बंद होत नाही म्हणून लाजणारा फ्रिज. मला हसू आवरेना, आणि हसता हसता गुडघे विरघळले, मान लटकली, जबडा सुटला. तू धावलास. मी म्हटलं, फरशी ओली होती. फरशी कोरडी होती रे. मी पडले होते, पण शुद्धीवर होते. तू किती घाबरलास, काय काय बोललास, सगळं ऐकू येत होतं. फक्त उत्तर देता येत नव्हतं.

माझी एक मावशी होती, तुला कधी सांगितलं नाही. हसली की पडायची. घरात चार माणसं जमली की पोरं तिला गुदगुल्या करायची, मोठी माणसंही एखादा चावट किस्सा सांगायची, आणि ती धपकन खाली बसली की सगळे टाळ्या पिटायचे. वेडी मावशी म्हणायचे तिला. मीही टाळ्या पिटल्यात. पुढे पुढे ती खोलीतून बाहेर यायची बंद झाली आणि तशीच आतल्या आत संपली. पातेलं पडलं त्या दिवशी मला ती दिसली. मी ठरवलं, आपण वेडी व्हायचं नाही, आपण हसायचं नाही.

आणि लग्न कुणाशी केलेलं? तुझ्याशी! चोवीस तास घरात तमाशा करणाऱ्या माणसाशी. तू तोंड उघडलंस की मी गालाचं मांस दाताखाली धरायचे. मनातल्या मनात टाके मोजायचे. हसू मागे सारलं की त्याच्या जागी झोप यायची, अशी की डोळ्यांवर कुणी ओली पोती टाकतंय. तुझा विनोद संपायचा आणि बायको एक तर दगडासारखी बसलेली, नाहीतर झोपलेली. तुला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. कंपनीच्या कार्यक्रमातही गालातून रक्त आलं होतं. तू फार चांगली नक्कल करतोस. हे मी तुला कधीच सांगितलं नाही.

आता रोग काय ते. रात्रभर डोक्याला तारा चिकटवून झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी, दिवसाढवळ्या, थोड्या थोड्या वेळानं अंधार करून सांगायचे, झोपा. झोपायला सांगणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं. डोकं टेकायचा अवकाश, दर वेळी झोप. नुसती झोप नाही, लगेच स्वप्नं. बाई म्हणाल्या, चारचौघांना स्वप्न पडायला बराच वेळ लागतो, तुम्ही थेट उडी घेता. मेंदूत म्हणे जागं ठेवणारं एक द्रव्य असतं, माझ्यात ते जवळजवळ संपलंय. तुझ्या भाषेत सांगायचं तर थर्मोस्टॅट गेलाय. मोटर चांगली, गॅस भरलेला, पण कधी चालू व्हायचं आणि कधी बंद, हे सांगणारं कुणी नाही. आणि हा पार्ट बाजारात मिळत नाही. स्वप्नात उठून पळू नये म्हणून झोपेत सगळ्यांचंच अंग सैल पडतं. माझं ते सैल पडणं हसण्याबरोबर जागेपणीच येतं. वेड नाही, फिट नाही, आळस नाही, उदासीनताही नाही. मावशीलाही बहुधा हेच असावं, असं बाई म्हणाल्या. नक्की सांगता येत नाही, कारण मावशीला विचारायला कुणी गेलंच नाही.

बरा होत नाही, सांभाळता येतो. सकाळी जागं ठेवणारी गोळी, पडणं कमी करणारी दुसरी, आणि दिवसातून दोनदा ठरवून छोटी झोप. मास्तर म्हणाले, कापडाच्या ताग्यांमागे सतरंजी टाकून देतो. मशीन मात्र अजून नाही, गोळ्या लागू पडतात का बघू म्हणाले.

शेवटी बाईंनी आणखी एक विचारलं. झोप लागताना किंवा उठताना खोलीत कुणी उभं दिसतं का, आपण हलू शकत नाही असं होतं का? मी म्हटलं, दिसतं, नवरा दिसतो, दारात. त्या म्हणाल्या, ते स्वप्नच, डोळे उघडे असताना बाहेर सांडलेलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. म्हणजे तू दारात येणं हासुद्धा माझा आजारच निघाला. मला जरा वाईटच वाटलं.

हे सगळं कागद थांबवावेत म्हणून लिहीत नाही. 'उदासीनता' हा शब्द तेवढा खोडून घे.

तुझी

७ मार्च

तू आला होतास?

सरळ लिहिते. आज जिन्यात शिक्षिकाबाई भेटल्या. मी नुसतं म्हटलं, तुमच्या फ्रिजचं दार आपटल्याचा आवाज येत नाही हल्ली. तर म्हणाल्या, "अगं, तुझ्याच नवऱ्यानं नाही का रबर बसवून दिलं! त्या रविवारी आला होता ना. तुमच्याकडून खाली उतरत होता, मीच हाक मारली. पाच मिनिटांत दार ठीक केलं. डोळे लाल होते गं त्याचे, मी म्हटलं, सर्दी झाली वाटतं. संत्र्यांची पिशवी मलाच देऊन गेला."

संत्र्यांची पिशवी! तुझी संत्री त्या बयेनं खाल्ली आणि मी इकडे तुला आजार म्हणून लिहून देऊन आले!

ऐक. देवाशपथ ऐक. तू दारात उभा होतास. मी तुझ्याकडे बघत होते. तू विचारलंस, "जागी आहेस?" माझे डोळे सताड उघडे होते आणि मी उत्तर दिलं नाही. हे तू पाहिलंस. तू एवढ्या लांबून संत्री घेऊन आलास आणि बायकोनं तुझ्या तोंडाकडे बघत 'हूं'सुद्धा केलं नाही, हे घेऊन तू परत गेलास. त्यानंतर कागद पाठवलेस. सगळं कळलं मला आता.

मी झोपेत होते रे. डोळे उघडे होते आणि अंग माझं नव्हतं. मी आतून ओरडत होते, ये, ये, आत ये, आणि ओठ हलत नव्हते. पूर्वी इतक्या वेळा तू असा दिसलास आणि विरून गेलास, की या वेळचा खरा होता हे मला कळलंच नाही. खरा तू एकदाच आलास आणि मी तुलाही स्वप्नांत मोजलं. आता कुणाला शिव्या घालू, सांग. तुला घालाव्यात, तर तुझी काय चूक? दोन पावलं आत आला असतास तर, एवढंच मनात येतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्या वेळी कुणी नुसता हात लावला तरी अंग सुटतं.

आईंना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी लेकीकडे जायलाच नको होतं." आणि कांदा चिरायला बसल्या, रडायला निमित्त म्हणून.

२ एप्रिल

मेकॅनिक,

पत्राचं उत्तर नाही, पण आईंना फोन केलास. काय म्हणालास ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. "तिला म्हणावं, सगळं वाचलं. जपून राहा. मी येईन कधीतरी बघायला. आणि आता तिला हसवणार नाही, काळजी करू नको."

मी फोन घ्यायला उठले तोवर तू ठेवला होतास.

आईंना वाटलं मी खूश होईन. येतो म्हणाला ना, मग झालं तर, असं त्यांचं. मी रात्रीचं जेवले नाही. मला तुझा तो आवाज ऐकूच येत होता, दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी बसणारे नातेवाईक बोलतात ना, हळू, तसा. तू येशील, खुर्ची लांब ओढून बसशील, हवापाण्याचं बोलशील, गोळ्या घेतेस ना विचारशील, आणि कुठे काही गमतीचं तोंडातून निसटेल म्हणून जीभ आवरून धरशील. मी गाल चावायचे तसा तू चावशील. मग आपण दोघं मिळून न हसता बसू. मावशी निदान खोलीत एकटीच होती.

आजाराचं तुला सांगितलं ते यासाठी नव्हतं, मेकॅनिक.

गोळ्यांनी बरंच बरं आहे. मास्तरांनी काजाचं मशीन परत दिलेलं नाही. देतील असं मला वाटतही नाही, बटणांच्या टेबलावर दुसरीला मदत करते. ताग्यांमागे झोपते, बायका म्हणतात, "महाराणी, पंखा लावू का?" लावा म्हणते. पडणं मात्र पुरतं गेलेलं नाही. परवा मास्तरांनी कात्री शोधता शोधता ती स्वतःच्याच खिशातून काढली, आणि मी हसले, आणि ताग्यावर आडवी झाले. कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. एकीनं डोक्याखाली कापड सरकवलं आणि कामाला लागली. इतकं साधं होतं ते. मी उगाच इतकी वर्षं घाबरले.

सोबत कागद आहेत. सगळ्या फुल्यांवर सह्या केल्यात. सकाळी, गोळी घेऊन, खिडकीशी बसून, पूर्ण जागेपणी केल्यात. एकही रेघ खाली गेलेली नाही, बघून घे. आजारी बायकोला सोडलं म्हणून कुणी तुला बोट दाखवायला नको आणि दयेपोटी तू परत यायला नको. कागद आता तुझ्या हातात आहेत, तेव्हा तुझ्यावर माझं कसलंही बंधन नाही. नसू दे, तेच बरं. आता मला तुला मोकळेपणानं बोलवता येतं.

एकदा ये. नंतर ते कागद कोर्टात दे नाहीतर त्यांचं काय वाटेल ते कर.

दिवाणावरची गादी काढून मी जमिनीवर अंथरलीय. आई म्हणाल्या, घरी कुणी आलं तर काय म्हणेल? मी म्हटलं, म्हणू दे. दुपारी दार लोटलेलंच असतं. मी झोपलेली असेन. डोळे उघडे दिसले तरी झोपलेली असेन, त्यांच्यावर विश्वास ठेवू नको. तू दारात थांबू नको, आत ये, हाताला हात लाव. मी उठून बसले की त्या गादीजवळ उभा राहा आणि तो म्हातारा फ्रिज कर. खोकल्यापासून सगळा. मी या वेळी गाल चावणार नाही.

मी पडले तर घाबरून मध्येच थांबू नको. शेवटपर्यंत कर. पडल्यावरही मला सगळं ऐकू येतं.